वारुळावरची अळंबी



पावसाळा आला की आपल्या डोंगरावर पुष्कळ रानभाज्या उगवतात. टाकळा, कुर्डू, फागलां या भाज्या तुम्हां सर्वांना माहीत आहेत. बाईंनी सांगितले, "घरातल्या मोठ्या माणसाला विचारा आणि एका रानभाजीची माहिती भित्तिपत्रकासाठी लिहून आणा." वर्गातल्या बहुतेक मुलांनी टाकळाच लिहिला. मी अळंबी लिहिली. त्याला कारण आहे. या पावसाळ्यात अळंबी आणताना माझी एक मोठी चूक झाली. ती लिहायला मला लाज वाटत होती. पण बाई म्हणाल्या, "तीच लिही. ती वाचून दुसरं कुणी चुकणार नाही." म्हणून लिहीत आहे.

अळंबी म्हणजे काय?

मला आधी वाटायचे की अळंबी म्हणजे एक झाडच. पण तसे नाही. झाडाची पाने हिरवी असतात आणि ती उन्हात आपले अन्न तयार करतात. अळंबीला पान नाही, फूल नाही, बी नाही आणि हिरवा रंगही नाही. ती बुरशीच्या जातीची आहे. शिळ्या भाकरीवर बुरशी येते ना, तिच्याच कुळातली. खरी बुरशी जमिनीत, कुजक्या लाकडात किंवा पाल्यापाचोळ्यात पांढऱ्या धाग्यांसारखी पसरलेली असते. ती आपल्याला दिसत नाही. पाऊस पडून हवा दमट झाली की ती छत्री वर काढते. तीच अळंबी. म्हणजे आंब्याच्या झाडाला जसा आंबा, तशी बुरशीला अळंबी.

छत्री उलटी केली तर खाली वहीच्या पानांसारखे पातळ पातळ पापुद्रे दिसतात. त्यांतून पिठाहून बारीक कण पडतात. त्यांना बीजाणू म्हणतात. ते वाऱ्याबरोबर उडतात आणि दुसरीकडे नवीन बुरशी तयार होते.

अळंबीच्या जाती पुष्कळ आहेत. भाताच्या पेंढ्यावर लावतात ती धिंगरी अळंबी. ती घरच्या घरी वाढवता येते. आमच्या आजीची अळंबी मात्र रानातली, वारुळावरची. गोव्यात तिला रोणाची ओळमी म्हणतात. रोण म्हणजे वारूळ. आमच्या बाई गोंदियाकडच्या. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे हिला सात्या म्हणतात." एवढ्या लांब पण हीच वस्तू खातात हे ऐकून मला आश्चर्य वाटले.

वाळवीची शेती

ही अळंबी वारुळावरच का येते? हे मी आजीला विचारले. आजी म्हणाली, "देवीचा देणा." आमच्या गावात सातेरीचे देऊळ आहे. तिथे वारुळाचीच पूजा होते. मग मी बाईंना विचारले. बाईंनी सांगितले ते फार गमतीचे आहे.

वारूळ मुंग्यांचे नसते, ते वाळवीचे असते. वाळवी वाळकी पाने, काटक्या, लाकूड खाते. पण ते सगळे तिला नीट पचत नाही. म्हणून ती ते चावून वारुळाच्या आत त्याचे मऊ, भोकाभोकांचे गोळे करून ठेवते. ते स्पंजासारखे दिसतात. त्यांच्यावर ही बुरशी वाढते. बुरशी त्या गोळ्याला मऊ करते आणि तिच्यावर साबुदाण्याहून लहान पांढरे दाणे येतात. वाळवी ते दाणे आणि तो मऊ झालेला गोळा खाते. म्हणजे वाळवी बुरशीला खत घालते आणि बुरशी वाळवीला जेवण देते. आपण शेती करतो तशी वाळवी पण शेती करते. माणसाच्या कितीतरी आधीपासून करते.

पाऊस चांगला मुरला की ही बुरशी खालच्या गोळ्यापासून एक लांब दांडा जमिनीतून वर काढते आणि जमिनीवर छत्री उघडते. आम्हांला दिसते ती वरची वीतभर. खाली मुळासारखा दांडा हातभर पण असू शकतो. वाळवीशिवाय ही अळंबी होत नाही. म्हणून धिंगरीसारखी तिची शेती करता येत नाही. ती येते तिथेच जावे लागते.

आजीची जागा

आमच्या आजीची अळंबीची एक जागा आहे. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिच्या सासूने तिला दाखवली. तेव्हापासून आजीने ती कुणालाच सांगितली नाही. आमच्याकडे असेच असते. ज्याची जागा त्याला ठाऊक. आषाढात तरणा पाऊस पडतो तेव्हा आजी रोज सकाळी आभाळ बघते. आदल्या दिवशी गडगडले, मग थोडे ऊन पडले आणि परत सर आली की आजी म्हणते, "आज बघूक व्हया." ढग गडगडला म्हणून अळंबी येते असे पुष्कळ लोक म्हणतात. बाई म्हणाल्या की जमिनीतली ओल आणि उबदार हवा ही खरी कारणे.

गेल्या वर्षी आजी मला पहिल्यांदा बरोबर घेऊन गेली. माझे बाबा मुंबईला कामाला आहेत. आईचे माहेर किनाऱ्यावरचे आहे. तिला सगळे मासे कळतात, पण अळंबी कळत नाही. म्हणून आजी मला म्हणाली, "तू शिक गो." आम्ही घाटी चढून गेलो. एका जुन्या वारुळाच्या भोवती पंचवीस-तीस अळंबी उभ्या होत्या. काही मिटलेल्या, काही उघडलेल्या. शाळेच्या प्रार्थनेला मुले उभी राहतात तशा.

यंदा आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. दिवाळीनंतर ऑपरेशन आहे. तिला निसरड्या वाटेने जाता येत नाही. एका रविवारी तिने मला जवळ बोलावले आणि म्हणाली, "तू आणि दादा जावा. माका सगळा हाताक दाखवा." दादा म्हणजे माझा चुलत भाऊ. तो आठवीत आहे.

माझी चूक

आम्ही गेलो. जागा मला बरोबर सापडली. मला फार आनंद झाला. आम्ही चाळीस अळंबी काढल्या. पिशवी अर्धी भरली. त्या दिवशी आत्या येणार होती. आईने नारळ खवून ठेवला होता. मला वाटले, पिशवी पूर्ण भरून नेली तर आजी शाबासकी देईल.

परत येताना गुरे चरतात त्या माळावर गवतात मोठ्या मोठ्या पांढऱ्या छत्र्या दिसल्या. एक तर जेवणाच्या ताटलीएवढी होती. दादा म्हणाला, "ही पण अळंबीच." मी म्हटलं, "वारूळ कुठे आहे?" तो म्हणाला, "वारूळ जमिनीच्या आत असेल." ते मला पटले, कारण कधी कधी वारूळ वर दिसत नाही हे खरेच आहे. आम्ही त्यातल्या सहा घेतल्या आणि त्याच पिशवीत घातल्या. वाट निसरडी होती. मी दोनदा घसरले. पिशवीतल्या पुष्कळ छत्र्या मोडल्या.

घरी आल्यावर आजीने सूप मागितले. सगळ्या अळंबी सुपात ओतल्या. आई वाटप वाटत होती. आत्या येऊन बसली होती. आजी एक एक अळंबी हातात घेऊन दांड्यावरून बोट फिरवत होती. अचानक तिचा हात थांबला. तिने विचारले, "ही खय गावली?" मी सांगितले. तिने तो दांडा माझ्या बोटांना लावला. दांड्याच्या वरच्या बाजूला एक कडे होते, बांगडीसारखे. आणि खाली मूळ नव्हते. गाठीसारखे जाड होऊन तिथेच संपले होते. आजी म्हणाली, "ही ती नाय."

मी म्हटलं, "मग त्या सहा काढून टाकूया." आजीने विचारले, "मोडलेले तुकडे खयचे खयचे, ते सांगशील?" मला सांगता येईना. सगळे तुकडे पांढरेच. आजीने सूप उचलले आणि परसात खड्डा काढून सगळे पुरायला सांगितले. चाळीसच्या चाळीस चांगल्या अळंबी पण गेल्या. मला रडू आले. आजी रागावली नाही. एवढेच म्हणाली, "पारख नाय, तर पोटात नाय." त्या दिवशी तयार वाटपात आईने फणसाच्या आठळ्या घातल्या. आत्या म्हणाली, "छान झालंय." पण माझ्या घशाखाली घास जात नव्हता.

पाटीवरचा आणि कागदावरचा प्रयोग

दुसऱ्या दिवशी मी बाईंना सगळे सांगितले. बाईंनी माळावरची एक छत्री पिशवीत घालून आणली. शेजारच्या काकी बाजारात अळंबी विकतात. त्यांच्याकडून वारुळावरची एक आणली. दोन्ही छत्र्या दांडा काढून पांढऱ्या कागदावर ठेवल्या, पापुद्र्यांची बाजू खाली. वर पेले पालथे घातले. सकाळी उचलल्या तर कागदावर बीजाणूंची नक्षी उमटली होती. वारुळावरचीची फिकट गुलाबी आणि माळावरचीची चक्क हिरवट! आम्ही सगळे बघतच राहिलो. बाई म्हणाल्या की ती हिरव्या बीजाणूंची छत्री विषारी असते. ती खाल्ली तर काही तासांत खूप उलट्या आणि जुलाब होतात. पुष्कळ ठिकाणी लोक तिला चांगली समजून खातात आणि आजारी पडतात.

पण बाईंनी हेही बजावले, "हा प्रयोग फक्त शिकण्यासाठी. गुलाबी आली म्हणून कोणतीही छत्री खायची नाही. गुलाबी बीजाणूंच्या विषारी छत्र्या पण असतात." मग आम्ही सर्वांनी साबणाने हात धुतले.

खोट्या परीक्षा

मी गावातल्या पाच माणसांना विचारले, "विषारी अळंबी कशी ओळखतात?" त्यांनी वेगवेगळे सांगितले. बाईंनी एक एक वाचून सांगितले की यांतले काहीच खरे नाही.

१. लसूण किंवा चांदीचे नाणे घालून शिजवावे, काळे पडले तर विषारी. हे खोटे आहे. भयंकर विषारी छत्रीने पण चांदी काळी पडत नाही.

२. किड्याने किंवा गोगलगाईने खाल्ली असेल तर चांगली. हे खोटे आहे. किड्याचे पोट वेगळे, आपले वेगळे.

३. पांढरी चांगली, रंगीत वाईट. हे खोटे आहे. सर्वांत विषारी छत्र्यांत पांढऱ्या पण आहेत.

४. खूप उकळली की विष जाते. हे खोटे आहे. काही छत्र्यांचे विष कितीही शिजवले तरी जात नाही.

५. मोबाइलमध्ये फोटो जुळला की झाले. हेही धोक्याचे आहे. फोटोत मूळ दिसत नाही, वास येत नाही आणि हाताला लागत नाही.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. काही विषारी छत्र्या खाल्ल्यावर लगेच काही होत नाही. सहा तासांनी, कधी त्याहून उशिरा त्रास सुरू होतो. मध्येच थोडे बरे पण वाटते. पण आत यकृत खराब होत असते. म्हणून छत्री खाऊन उलटी, जुलाब झाले तर घरी थांबू नये. ताबडतोब दवाखान्यात जावे किंवा १०८ नंबरला फोन करावा. उरलेली छत्री किंवा तिचा तुकडा डॉक्टरांना दाखवायला बरोबर न्यावा.

परत शिकले

मला वाटले आता आजी मला कधीच पाठवणार नाही. पण आठ दिवसांनी तिने शेजारच्या काकींना बोलावले. काकींची नजर चांगली आहे आणि त्या लहानपणापासून अळंबी काढतात. आजीने त्यांना आपली जागा सांगितली. इतकी वर्षे कुणाला सांगितली नव्हती ती! मी आजीला विचारले, "तू का सांगितलीस?" आजी म्हणाली, "जागा काय वर घेऊन जावची आसा?"

मी काकींबरोबर गेले. काकींनी मला पुढील गोष्टी दाखवल्या. जागा वारुळाची पाहिजे. छत्रीच्या मधोमध टोक असते, देवळाच्या कळसासारखे. दांडा भरीव असतो आणि खाली जमिनीत लांब मुळासारखा जातो. आमच्या जागेवरच्या अळंबीला दांड्यावर कडे नसते. या सगळ्या खुणा एकदम जुळल्या पाहिजेत. एक जरी जुळली नाही तरी सोडून द्यायची. आणि काकींनी हो म्हटल्याशिवाय मी हात लावायचा नाही.

त्याच दिवशी काकींनी मला दुसरी एक जात दाखवली. ती भाताच्या शितांसारखी पांढरी आणि बारीक असते. शेकड्यांनी एकदम उगवते, जमिनीवर भात सांडल्यासारखी. ती पण वाळवीचीच. ती वेचायला फार वेळ लागतो आणि धुवायला त्याहून जास्त. म्हणून पुष्कळ लोक ती तशीच सोडतात. पण काकी म्हणाल्या, चवीला ती मोठीपेक्षा सरस.

घरी आल्यावर आजीने प्रत्येक दांडा हाताने तपासला. मग मला डोळे मिटायला सांगून माझ्या हातात दिला. मी पण बोटांनी टोक, दांडा, मूळ ओळखले. आता आमच्या घरी नियम आहे. काकींनी डोळ्यांनी बघून आणि आजीने हातांनी बघून दोघींनी हो म्हटले तरच अळंबी टोपात जाते.

अळंबीची आमटी

आता कृती सांगते. ही आईने आणि आजीने मिळून केली. मी मदत केली.

आधी मुळाची माती सुरीने खरवडून काढावी. मुळाचा कडक भाग कापून टाकावा. मग अळंबी पाण्यात भराभर दोन-तीनदा धुवावी. पाण्यात भिजत ठेवू नये, नाहीतर चव जाते. नंतर हाताने उभी फाडावी. आजी म्हणते, विळीने कापली की मजा जाते.

वाटपासाठी कांदा आणि ओले खोबरे तांबूस होईपर्यंत भाजावे. थोडे धणे, बडीशेप, दोन मिरी, दोन लवंगा भाजून त्यात घालाव्या आणि पाट्यावर बारीक वाटावे.

टोपात तेल तापवून चिरलेला कांदा परतावा. त्यात अळंबी, हळद आणि मीठ घालून झाकण ठेवावे. पाणी घालू नये. अळंबीलाच खूप पाणी सुटते. बाई म्हणाल्या, ताज्या अळंबीत १०० ग्रॅममध्ये साधारण ९० ग्रॅम पाणीच असते. म्हणून टोपलीभर अळंबीची वाटीभर भाजी होते. मी पहिल्यांदा बघितले तेव्हा मला वाटले, कोणी खाल्ली की काय!

अळंबी चांगली शिजली की मालवणी मसाला आणि वाटप घालावे. थोडे गरम पाणी घालून उकळी आणावी. शेवटी दोन सोलं टाकावी. झाली आमटी. ही तांदळाच्या भाकरीबरोबर फार छान लागते. श्रावणात आमच्याकडे मासे-मटण बंद असते. तेव्हा आजोबा या आमटीला "श्रावणातली सागुती" म्हणतात.

अळंबी कच्ची खाऊ नये. आणलेल्या दिवशीच करावी. उद्यासाठी ठेवली की काळी पडते आणि तिच्यात अळ्या होतात. पहिल्यांदा खाणाऱ्याने थोडीच खावी.

जागा राखावी कशी?

लांब मूळ मिळावे म्हणून काही लोक कुदळीने वारूळच खणतात. त्यामुळे आतली वाळवीची शेती मोडते. मग पुढच्या वर्षी अळंबी कुठून येणार? शिवाय वारुळात साप राहतो. म्हणून हात किंवा काठी घालू नये. काकी दांडा धरून हळूच ओढतात. मूळ तुटले तर तुटू देतात. आणि सगळ्या कधीच काढत नाहीत. जुन्या, पूर्ण उघडलेल्या पाच-सहा तिथेच ठेवतात. त्यांचे बीजाणू पसरतात. त्या दिवशी आम्ही सत्तावीस आणल्या आणि सात ठेवल्या. मी मोजल्या.

शेवटी मला इतकेच सांगायचे आहे. मित्रांनो, हे वाचून कुणी एकटे अळंबी काढायला जाऊ नका. माझी माहिती वाचून अळंबी ओळखता येणार नाही. मी आजीकडून आणि काकींकडून दोन पावसाळे शिकते आहे, तरी अजून मला कोणी एकटीला पाठवत नाही. तुमच्या घरी किंवा वाडीत कोणी जाणते माणूस असेल तर त्याच्याबरोबर जा आणि नीट बघून घ्या. ती माणसे म्हातारी होत आहेत. आमच्या आजीला दिवाळीनंतर परत दिसायला लागेल असे डॉक्टर म्हणाले आहेत. पुढच्या आषाढात मी तिचा हात धरून तिला घाटी चढवणार आहे. मग ती डोळ्यांनी बघेल आणि माझी परीक्षा घेईल.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी